कैदेंतलें शौर्य आणि पदकांचा हिशेब

रणांगणावर गाजविलेल्या शौर्याला साक्षीदार असतात. शेजारचा शिपाई पाहतो, मागला सुभेदार पाहतो, टेकडीवरून दुर्बीण लावून बसलेला कर्नल पाहतो. तो रात्रीं आपल्या अहवालांत चार ओळी लिहितो आणि त्या चार ओळींचें पुढें पदक होतें. पण शत्रूच्या अंधारकोठडींत, उपाशी पोटीं, महिनेच्या महिने ज्यानें ‘नाहीं’ हा एकच शब्द उच्चारला, त्याच्या शौर्याचा अहवाल कोणीं लिहावयाचा? तेथें एक छळणारा व एक भोगणारा. छळणारा लिहीत नाहीं, आणि भोगणारा पुष्कळदां परत येत नाहीं. सैनिकी पदकांचें जें कौतुक आपल्याकडे चालतें त्यांत हा प्रश्न क्वचितच निघतो, म्हणून त्याविषयीं आज लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कॅप्टन मतीन अहमद अन्सारी हे हैदराबादचे. मराठवाड्याचे पांच जिल्हे ज्या संस्थानांत होते त्याच निजामी राज्यांतले हे तरुण अधिकारी, सातव्या राजपूत रेजिमेंटच्या पांचव्या पलटणींत होते. 25 डिसेंबर 1941 रोजीं, ऐन नाताळच्या दिवशीं, हाँगकाँग जपान्यांच्या हातीं पडलें व पलटण कैद झाली. अन्सारींचें एका मोठ्या संस्थानाधिपतीशीं जवळचें नातें आहे हें समजतांच जपान्यांनीं त्यांच्यावर विशेष मेहेरनजर केली. राजनिष्ठेची शपथ सोडावी आणि छावणींतल्या हिंदी कैद्यांत फितुरी पसरवावी, एवढीच मागणी होती. ती त्यांनीं साफ नाकारली. 1942 च्या मे महिन्यांत त्यांना स्टॅन्लेच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें. तेथें उपासमार आणि मारहाण यांनीं त्यांचें शरीर खिळखिळें झालें. मग पुन्हा छावणींत, पण अधिकाऱ्यांबरोबर नव्हे, साध्या शिपायांबरोबर. जपान्यांस वाटलें असेल कीं या अपमानानें मनुष्य वांकेल. अन्सारींनीं ती शिपायांची छावणीच आपलें कार्यक्षेत्र केली. फितुरीचा प्रचार हाणून पाडणें, बाहेरच्यांशीं गुप्त संधान ठेवणें, पळून जाऊं पाहणाऱ्यांस साह्य करणें हा उद्योग कित्येक महिने चालला. 1943 च्या मे महिन्यांत कोणीतरी घात केला. पुन्हा स्टॅन्ले, पुन्हा छळ. साथीदारांचीं नांवें मात्र बाहेर पडलीं नाहींत. 29 ऑक्टोबर 1943 रोजीं तीसांहून अधिक ब्रिटिश, चिनी व हिंदी कैद्यांसह त्यांचा शिरच्छेद झाला. 1946 च्या एप्रिलांत त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला.

येथें कित्येक वाचकांच्या मनांत एक शंका येईल, आणि ती आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. ज्या राजाची शपथ अन्सारींनीं मोडली नाहीं तो आपल्या देशास गुलामींत ठेवणारा राजा. मलायाच्या युद्धांत कैद झालेले शाहनवाझ खान, सहगल व धिल्लन यांनीं तीच शपथ मोडली, आझाद हिंद फौज धरली, आणि 1945 च्या नोव्हेंबरांत लाल किल्ल्यांत त्यांच्यावर खटला उभा राहिला. तेव्हां सारा देश त्यांच्या बाजूनें उठला. 1946 च्या आरंभीं त्यांची जन्मठेप सेनापतीस माफ करावी लागली. त्याच सालीं त्याच लाल किल्ल्यांत, जपान्यांचा छळ सोसलेले बहावलपूर पलटणीचे कॅप्टन महमूद खान दुराणी यांच्या छातीवर व्हाइसरॉयनें जॉर्ज क्रॉस लावला. एक किल्ला, एक वर्ष, आणि निष्ठा अगदीं विरुद्ध दिशेच्या. पदक देणारा आपल्या कामीं आलेल्या निष्ठेसच पदक देतो, हें यावरून स्पष्ट आहे. तें त्याचें दुकान आहे. आपल्या मालास तो भाव देणारच. परंतु ज्यानें शिपायांचीं नांवें जिभेवर येऊं दिलीं नाहींत आणि मान पुढें केली, त्याचा मोठेपणा त्या दुकानावर अवलंबून नाहीं. दोन्ही वाटांवर धैर्य होतें असें म्हणण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.

आतां पदकाच्या कायद्याकडे वळूं. व्हिक्टोरिया क्रॉस हें 1856 सालीं निघालेलें पदक शत्रूच्या समक्ष केलेल्या पराक्रमास मिळतें. जॉर्ज क्रॉस 1940 च्या सप्टेंबरांत, लंडनवर बॉम्ब पडत असतां निघालें, तें मुख्यतः नागरिकांसाठीं. आणि जेथें निव्वळ लष्करी मान देतां येत नाहीं अशा कृत्यांबद्दल सैनिकांसही. युद्धकैदी या दुसऱ्या वर्गांत पडला. ज्याची मानगूट रात्रंदिवस शत्रूच्या मुठींत होती, तो कायद्याच्या दृष्टीनें शत्रूच्या समक्ष नव्हता! याहून मोठी अडचण दुसरीच. 1979 पर्यंत ब्रिटिश नियमांप्रमाणें मृतास हे दोन क्रॉस किंवा खलित्यांतील नामोल्लेख एवढेंच देतां येत असे; मधलीं सर्व पदकें जिवंतांसाठीं. म्हणजे कैदेंत मेलेल्या शिपायाला एकतर कळसावर चढवावयाचें, नाहींतर पायरीशीं ठेवावयाचें. आणि कळसावर जागा थोडी.

जिवंत परतलेल्यांचें तरी काय झालें? न्यूझीलंडचे कॅप्टन चार्ल्स अपहॅम यांनीं 1941 सालीं क्रीट बेटांत आणि 1942 च्या जुलैंत ईजिप्तमध्यें रुवैसातच्या लढाईंत असे दोनदां व्हिक्टोरिया क्रॉस मिळविले. रुवैसातलाच ते जखमी होऊन पकडले गेले. त्यानंतर कैदेंतून निसटण्याचे त्यांनीं इतके प्रयत्न केले कीं जर्मनांनीं अखेर त्यांस कोल्डित्झच्या किल्ल्यांत नेऊन कोंडलें. त्या प्रयत्नांचें मोल? खलित्यांत एक नामोल्लेख. मनुष्य तोच, छातीही तीच. पण तारेच्या कुंपणापलीकडे तिचा भाव उतरला.

याहून कडू उदाहरण आपल्या घरचें आहे. 1915 च्या डिसेंबरापासून 29 एप्रिल 1916 पर्यंत मेसोपोटेमियांत कुत येथें सहावी पुणें डिव्हिजन वेढ्यांत अडकली होती. त्यांत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इकडचीं पोरें. अन्न संपलें, शरणागती झाली, सुमारें 13,000 लोक तुर्कांच्या हातीं पडले. अधिकारी एकीकडे, शिपाई दुसरीकडे अशी वांटणी झाली. शिपायांस वाळवंटांतून पायीं हांकून रास-अल-ऐनकडे व तेथून बगदाद रेल्वेच्या बोगद्यांच्या कामावर नेलें. तहान, हगवण आणि चाबूक यांखालीं ते हजारोंनीं मेले. सेनापति टाऊनशेंड मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका रम्य बेटावर मानाचे पाहुणे म्हणून राहिले, आणि 1917 सालीं, कैदेंत असतांनाच, त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. व्यापारी वाचकांस हा जमाखर्च सहज कळेल: नुकसान ज्यांच्या खातीं पडलें त्यांच्या नांवावर कांहीं जमा नाहीं, आणि ज्यानें पेढी बुडविली त्याच्या नांवावर व्याजासह रक्कम.

अमेरिकेनें 1985 सालीं यावर एक साधा उपाय काढला. 5 एप्रिल 1917 नंतर शत्रूच्या कैदेंत राहून सन्मानानें वागलेल्या आपल्या प्रत्येक सैनिकास, मग तो जनरल असो कीं आचारी, एक युद्धकैदी-पदक. त्यास साक्षीदाराचा अहवाल लागत नाहीं, कैदेची नोंद पुरते. शौर्याचीं पदकें निराळीं राहतात, त्यांचा मान कमी होत नाहीं. सोसणें हीही देशसेवाच आहे एवढें मात्र सरकारच्या वहींत नोंदलें जातें.

आपल्याकडे तर पदकाच्या आधीं नांवाचाच प्रश्न आहे. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ब्रिटिश मृतांचीं नांवें कोरलीं गेलीं, हिंदी अधिकाऱ्यांचींही कोरलीं गेलीं. साधे हिंदी शिपाई मात्र अमुक पलटणीचे इतके, अशा आंकड्यांत मोजले गेले. युद्धसमाध्यांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानें 2021 सालीं हा भेद प्रसिद्धपणें मान्य करून क्षमा मागितली. क्षमा झाली, यादीचें काम आपणही हातीं घेतलें पाहिजे. कोंकणांतल्या व देशावरच्या किती घरांत पणजोबांचें पितळी बिल्ल्याचें पुडकें, पेन्शनीचा कागद, ‘मेसपोटांत गेला’ एवढीच आठवण असेल! जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनीं गांवोगांव पत्र धाडावें, पोलीसपाटील व ग्रामपंचायत यांनीं घरांतले कागद पाहून गांव, पलटण, नांव, बापाचें नांव अशी चार रकान्यांची नोंद करावी, आणि ती यादी प्रत्येक तालुक्याच्या कचेरींत लोकांस वाचण्यास टांगावी. यास वही, शाई आणि एक प्रामाणिक कारकून याहून अधिक खर्च नाहीं.