क्लारा डेव्हिस यांचा बालकांच्या आहारनिवडीचा प्रयोग

क्लारा डेव्हिस यांचा आहारनिवडीचा प्रयोग हा नुकतेच वरचे अन्न खाऊ लागलेल्या बालकांच्या खाण्याच्या वर्तनाचा, अमेरिकेत १९२६ पासून काही वर्षे चाललेला वैद्यकीय अभ्यास होय. नैसर्गिक व सकस पदार्थ समोर मांडले आणि मोठ्यांनी कोणतीही ढवळाढवळ केली नाही, तर लहान मूल स्वतःच्या वाढीस पुरेसा आहार निवडू शकते का, हा या अभ्यासाचा मूळ प्रश्न होता. बालरोगतज्ज्ञ क्लारा मेरी डेव्हिस (मृत्यू १९५९) यांनी तो प्रथम क्लीव्हलंड येथे तीन बालकांवर व नंतर शिकागो येथे अधिक बालकांवर केला. एकूण पंधरा बालकांचा त्यात समावेश होता. बालकांची भूक, अन्नाची आवडनिवड आणि पालकांचे त्याविषयीचे वर्तन यांच्या संशोधनात या प्रयोगाचा उल्लेख आजही होतो. ‘मुलांना काय खावे ते उपजतच कळते’ या समजुतीला आधार म्हणूनही तो अनेकदा पुढे केला जातो. डेव्हिस यांनी स्वतः काढलेला निष्कर्ष मात्र याहून मर्यादित होता.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील बालसंगोपनावर वैद्यकीय शिस्तीचा मोठा पगडा होता. एमेट होल्ट या बालरोगतज्ज्ञांचे १८९४ साली प्रसिद्ध झालेले बालसंगोपनावरील पुस्तक अनेक दशके प्रमाण मानले जात असे. बाळाला घड्याळाच्या काट्यावर दूध द्यावे, ठरलेल्या वयात ठरलेलेच पदार्थ ठरलेल्या प्रमाणात द्यावेत, असा या काळातील सल्ल्याचा सर्वसाधारण रोख असे. जीवनसत्त्वांचे शोध नवे असल्याने आहाराच्या तक्त्यांना शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली होती.

याच काळात ‘मूल जेवत नाही’ ही तक्रार घेऊन डॉक्टरांकडे येणाऱ्या पालकांची संख्या मोठी होती. तक्त्यातील घास मुलाच्या पोटात गेलाच पाहिजे म्हणून घरोघरी आर्जवे, आमिषे, धाक आणि सक्ती हे सर्व उपाय चालत आणि जेवणाच्या वेळा या संघर्षाच्या वेळा बनत. मुलाची भूक हीच विश्वासार्ह मार्गदर्शक असेल तर हा सारा संघर्ष निरर्थक ठरतो, आणि ती तशी नसेल तर मुलाला त्याच्या मर्जीवर सोडणे धोक्याचे ठरते. या दोहोंपैकी खरे काय, याचा पडताळा घेणारा पुरावा मात्र उपलब्ध नव्हता.

प्रयोगाची रचना

सहभागी बालके सुमारे सहा ते अकरा महिन्यांची होती. महाराष्ट्रात ज्या वयात उष्टावण करण्याची रीत आहे, त्या वयाच्या आसपासची ही मुले होत. निवड करताना ज्यांनी दुधाखेरीज अन्य अन्न चाखलेले नाही अशीच बालके घेण्यात आली. त्यामुळे कोणत्याही पदार्थाविषयी आवड वा नावड आधीच तयार झालेली असण्याचा संभव कमी झाला. मुलाचे पालनपोषण करू न शकणाऱ्या विधवा आणि अल्पवयीन माता यांची ही मुले होती. प्रयोगाच्या काळात ती रुग्णालयातच राहत. हा काळ कोणाच्या बाबतीत सहा महिन्यांचा, तर कोणाच्या बाबतीत साडेचार वर्षांपर्यंतचा होता.

पदार्थांच्या यादीत सुमारे ३४ नावे होती. साधे दूध, आंबवलेले दूध, अंडी, कोंबडी, गोमांस, मेंढीचे मांस, मासे, यकृत, मूत्रपिंड, मेंदू व अस्थिमज्जा हे प्राणिज पदार्थ. गहू, ओट, सातू व मका ही धान्ये. सफरचंद, केळी, पीच, अननस व संत्र्याचा रस. गाजर, बीट, सलगम, मटार, फ्लॉवर, कोबी, पालक, बटाटा व टोमॅटो. तसेच पाणी आणि समुद्री मीठ यांचा त्यात समावेश होता. पदार्थ ताजे व साधे असत. ते एकमेकांत मिसळले जात नसत आणि शिजवताना त्यांत मीठ, साखर वा मसाला घातला जात नसे. काही पदार्थ कच्चे व शिजवलेले अशा दोन्ही स्वरूपांत दिले जात. साखर, लोणी, चीज, पाव आणि डबाबंद पदार्थ यादीत नव्हते.

सर्व पदार्थ एकाच वेळी न मांडता दिवसभरातील जेवणांत विभागले जात. प्रत्येक पदार्थ वेगळ्या भांड्यात असे. परिचारिका चमचा हाती घेऊन शेजारी शांत बसे. मुलाने एखाद्या भांड्याकडे हात नेला किंवा बोट दाखवले, तरच ती त्यातील चमचाभर पदार्थ पुढे करी, आणि मुलाने आपणहून तोंड उघडले तरच भरवी. पदार्थ सुचवणे, खाल्ल्याबद्दल कौतुक करणे, न खाल्ल्याबद्दल नापसंती दाखवणे किंवा हाताने खाण्यास मनाई करणे हे सर्व वर्ज्य होते. जेवणानंतर उरलेले आणि सांडलेले अन्न तोलून प्रत्यक्ष सेवनाची नोंद केली जाई. अशा ३६,००० हून अधिक जेवणांच्या नोंदी जमा झाल्या. त्यांच्या जोडीला वजन, उंची, रक्ततपासणी व क्ष-किरण चित्रे यांच्या नोंदीही ठेवल्या गेल्या.

निरीक्षणे

पहिल्या काही जेवणांत बालकांनी सर्व काही तोंडात घालून पाहिले. त्यांनी अन्नच नव्हे, तर चमचे, ताटल्या, तबकाची कड आणि त्यावरचा कागदही चघळला. काही पदार्थ त्यांनी थुंकून टाकले. थोड्याच जेवणांनंतर मात्र प्रत्येक मूल आपल्या पसंतीचे पदार्थ न चुकता ओळखून घेऊ लागले.

कोणत्याही दोन मुलांचा आहार सारखा नव्हता. त्या काळी योग्य मानला जाणारा, म्हणजे दूध व धान्य मुख्य आणि फळे, अंडी, मांस जोडीला, असा आहार एकाही मुलाने निवडला नाही. एकेका वेळचे जेवण पाहिले तर ते विक्षिप्त वाटे. सकाळी अर्धा लिटरच्या आसपास संत्र्याचा रस आणि यकृत, तर रात्री अनेक अंडी, केळी व दूध, अशी उदाहरणे डेव्हिस यांनी नोंदवली आहेत. एखादा पदार्थ काही दिवस भरपूर खाऊन मूल अचानक तो सोडून देई. परंतु दीर्घ काळाचा हिशेब मांडला असता एकूण ऊर्जा व पोषकद्रव्यांचे सेवन तत्कालीन मानकांत बसत होते.

प्रयोगाच्या आरंभी काही मुले कुपोषित होती आणि काहींना मुडदूस झालेला होता. कालांतराने सर्वांची प्रकृती सुधारली. तीव्र मुडदूस असलेल्या एका मुलाच्या तबकात कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची छोटी वाटी ठेवली जाई. त्याने ते तेल कमी-अधिक प्रमाणात आपणहून घेतले आणि रक्तातील कॅल्शियम व फॉस्फरस पूर्ववत होऊन क्ष-किरण चित्रांत हाडे भरून आलेली दिसल्यानंतर ते घेणे थांबवले. हे उदाहरण पुढे फार गाजले. तथापि ते एकाच मुलाचे असल्याने त्यावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही.

डेव्हिस यांचा निष्कर्ष

पहिल्या तीन बालकांवरील अहवाल १९२८ साली आणि संपूर्ण प्रयोगाचा आढावा १९३९ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या लेखात डेव्हिस यांनी प्रयोगातील खरी मेख पदार्थांच्या यादीत असल्याचे स्पष्ट केले. यादीतला प्रत्येक पदार्थ सकस व अप्रक्रियित होता. त्यामुळे मुलाने कशीही सरमिसळ केली, तरी विविधता राखली असता पुरेसा आहार मिळणे जवळपास अपरिहार्य होते. निकृष्ट पदार्थांतून निवड करायला लावली असती, तर मुलाची भूक त्याला तारू शकली नसती, असे त्यांचे मत होते. कोणते पदार्थ समोर ठेवायचे ही जबाबदारी मोठ्यांची, आणि त्यांतील काय व किती खायचे हा निर्णय मुलाचा, अशी विभागणी त्यातून सूचित होते.

प्रक्रिया केलेल्या पदार्थांची जोड देऊन हाच प्रयोग पुन्हा करण्याचा त्यांचा मानस होता. आर्थिक महामंदीमुळे निधी आटला आणि तो बेत सिद्धीस गेला नाही. जमवलेल्या नोंदींचे सविस्तर विश्लेषणही पूर्णपणे प्रसिद्ध झाले नाही आणि डेव्हिस यांच्या मृत्यूनंतर मूळ कागदपत्रे नाहीशी झाली.

प्रभाव आणि विपर्यास

बेंजामिन स्पॉक यांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बहुखपाच्या बालसंगोपनविषयक पुस्तकात या प्रयोगाचा आधार घेऊन पालकांना मुलाच्या भुकेवर विश्वास ठेवण्यास सांगितले. सक्तीने भरवण्याच्या प्रथेविरुद्ध वैद्यकीय मत तयार होण्यास त्यामुळे मोठे साहाय्य झाले.

लोकप्रिय लेखनात मात्र निष्कर्षाचा उत्तरार्धच टिकला आणि यादीविषयीची अट गळून पडली. ‘शरीराला हवे तेच मूल मागते’ असे सुटसुटीत विधान रूढ झाले. मेरी स्टोरी व जूडिथ ब्राऊन यांनी १९८७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये या अभ्यासांचा पुन्हा परामर्श घेऊन हा विपर्यास निदर्शनास आणला. मिठाई व तळलेले पदार्थ सर्वत्र उपलब्ध असलेल्या परिस्थितीत मूल आपोआप संतुलित आहार निवडील, असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

नंतरचे संशोधन

विशिष्ट पोषकद्रव्याची उपजत ओढ हा प्रकार मिठाच्या बाबतीत निश्चितपणे आढळतो. कर्ट रिक्टर यांनी १९३६ साली दाखवले की अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेले उंदीर खारे पाणी अधिक पिऊन जिवंत राहतात. लॉसन विल्किन्स व रिक्टर यांनी १९४० साली साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा घरी विलक्षण प्रमाणात मीठ खात असे. रुग्णालयात नेहमीच्या आहारावर ठेवल्यावर सात दिवसांत तो दगावला. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी असल्याने शरीरात मीठ टिकत नसल्याचे नंतर उघड झाले. मुलाच्या मागणीमागे शारीरिक कारण असू शकते, याचे हे गंभीर उदाहरण मानले जाते.

अन्य बहुतेक पोषकद्रव्यांच्या बाबतीत मात्र उपजत ज्ञानापेक्षा अनुभवातून शिकणे महत्त्वाचे ठरते. थायमिनचा अभाव असलेल्या उंदरांवरील पॉल रोझिन यांच्या संशोधनानुसार उंदीर ते जीवनसत्त्व ओळखत नाहीत. ज्या अन्नाने प्रकृती बिघडली ते अन्न ते टाळू लागतात आणि नव्या अन्नाकडे वळतात.

माणसाच्या बाबतीत गोड चवीची आवड व कडू चवीची नावड जन्मतःच असते. नवजात अर्भकांच्या चेहऱ्यावरील हावभावांतून ती दिसून येते. इतर आवडी मात्र घडत जातात. ज्यूली मेनेला व सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले की गरोदरपणी किंवा स्तन्यपानाच्या काळात मातेने गाजराचा रस घेतला असेल, तर बाळ गाजराच्या चवीची पेज कमी कुरकुरीने स्वीकारते. लीन बर्च यांच्या प्रयोगांतून पुढील बाबी स्पष्ट झाल्या :

* अनोळखी पदार्थ वारंवार चाखावयास मिळाल्यास मुलांची त्याविषयीची पसंती वाढते.
* बक्षिसाच्या आमिषाने खाऊ घातलेल्या पदार्थाची आवड उलट घटते.
* डोळ्यांसमोर ठेवून मनाई केलेल्या पदार्थाविषयी मुलांचे आकर्षण वाढते.
* दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे एकेका वेळचे सेवन पुष्कळ बदलते, परंतु दिवसभराची एकूण ऊर्जा बरीच स्थिर राहते (१९९१).

यांतील शेवटचा निष्कर्ष डेव्हिस यांच्या निरीक्षणाशी जुळतो. एका जेवणाला मुलाने पाठ फिरवली म्हणून चिंता करण्याचे कारण नसते, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो.

डेव्हिस यांच्या अपुऱ्या राहिलेल्या प्रश्नाच्या जवळ जाणारा प्रयोग केव्हिन हॉल यांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. तो मात्र प्रौढांवर होता. वीस व्यक्तींना प्रत्येकी दोन आठवडे अतिप्रक्रियित आणि दोन आठवडे अल्पप्रक्रियित आहार देण्यात आला. समोर ठेवलेल्या जेवणातील ऊर्जा, साखर, स्निग्धांश, तंतू व मीठ यांचे प्रमाण दोन्ही आहारांत सारखे राखले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियित आहारावर सहभागी व्यक्तींनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक सेवन केले. त्यांचे वजन सरासरी ०.९ किलो वाढले, तर दुसऱ्या आहारावर तेवढेच घटले. समोर कोणत्या प्रकारचे अन्न आहे यावर भुकेची विश्वासार्हता अवलंबून असते, या मताला त्यामुळे पुष्टी मिळाली.

मर्यादा

डेव्हिस यांच्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि बालकांची संख्या अल्प होती. मुले कुटुंबापासून दूर, वैद्यकीय देखरेखीखाली राहत असल्याने त्यांच्या प्रकृतीतील सुधारणा केवळ आहारनिवडीमुळे झाली असे म्हणता येत नाही. घरातील जेवणात असणारे अनुकरण, सहभोजन आणि पाकसंस्कृती यांना प्रयोगात स्थान नव्हते. मूळ नोंदी उपलब्ध नसल्याने फेरतपासणी शक्य नाही. लहान मुलांना दीर्घकाळ संस्थेत ठेवून केलेला असा अभ्यास आजच्या संशोधन-नीतीच्या निकषांवर संमत होण्याची शक्यता नाही.