जुना मॉनिटर, नवी सिस्टिम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचं ठिकाण. 1952 साली इथे मौनी विद्यापीठ उभं राहिलं आणि वाड्यावस्त्यांवरच्या मुलांची शिक्षणाची सोय झाली. आज त्याच घरांतून मुलांना संगणक लागतो. बेताच्या पैशांत सीपीयू घेतला जातो आणि मॉनिटर कुणाचा तरी जुना मिळतो. जोडल्यावर पडदा काळा राहिला, की ‘सपोर्ट नाही’ एवढंच कानावर येतं. त्यावर विसंबून नवा मॉनिटर आणायला पन्नास किलोमीटरवरच्या कोल्हापूरला निघण्याआधी हे वाचा.

गैरसमज: जुन्या मॉनिटरचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी मिळत नाही, म्हणून तो चालणार नाही.
वस्तुस्थिती: ड्रायव्हर लागतो तो ग्राफिक्सचा. चित्र उमटायला मॉनिटरचा वेगळा ड्रायव्हर सहसा लागतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘जेनेरिक पीएनपी मॉनिटर’ दिसलं, तर तो बिघाड नव्हे.

गैरसमज: रिझोल्यूशन 1024 × 768 च्या पुढे जात नाही, म्हणजे मॉनिटर गेला.
वस्तुस्थिती: मॉनिटर आपली ओळख स्वतः सांगतो. त्याच्या आतल्या चिपमध्ये किमान 128 बाइटची नोंद असते: कंपनी, मॉडेल, बनावटीचं वर्ष, चालणारी रिझोल्यूशन. हिला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीए केबलमध्ये ही माहिती 12 आणि 15 क्रमांकाच्या पिनांतून जाते. त्यातली एक जरी वाकली किंवा हलक्या केबलमध्ये ती तारच नसली, तरी चित्र येतं, पण ओळख पोहोचत नाही. मग संगणक बेताचंच रिझोल्यूशन देतो. आधी पिना नीट पाहा, मग केबल बदलून पाहा.

गैरसमज: कन्व्हर्टर कुठलाही चालतो, दोन्ही बाजूंनी.
वस्तुस्थिती: आयबीएमने 1987 मध्ये आणलेलं व्हीजीए अॅनालॉग आहे, एचडीएमआय डिजिटल. त्यामुळे दोहोंच्या मध्ये सिग्नल बदलणारी चिप लागते आणि ती सहसा एकाच दिशेने काम करते. सीपीयूला एचडीएमआय आणि मॉनिटरला व्हीजीए असेल, तर दुकानात ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ असंच मागा. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ घेतलात, तर पडदा काळाच राहील.

गैरसमज: ‘आउट ऑफ रेंज’ म्हणजे मॉनिटर जळाला.
वस्तुस्थिती: हा संदेश दाखवणारा मॉनिटर चालू आहे. आलेला सिग्नल आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, एवढंच तो सांगतो. दुसरा मॉनिटर जोडून किंवा सेफ मोडमध्ये जाऊन रिझोल्यूशन कमी करा आणि रिफ्रेश रेट 60 हर्ट्झ ठेवा.

गैरसमज: विंडोज 11 साठी मॉनिटरही नवाच हवा.
वस्तुस्थिती: विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, हे खरं. पण नव्या आवृत्तीत जुनी यंत्रं अडतात ती मुख्यतः प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 या सुरक्षा-सुविधेच्या अटींवर. पडद्याची मुख्य अट 9 इंचांहून मोठा आणि 720पी, इतकीच आहे. 1366 × 768 चा साधा एलसीडीही त्यात बसतो.

तेव्हा खरेदीआधी दोन कामं करा. मॉनिटर दुसऱ्या चालू संगणकाला जोडून पाहा आणि दोन्हीकडच्या पोर्टचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन मगच दुकानात जा. मुलाच्या शिक्षणासाठी जमवलेला पैसा केवळ चुकीच्या निदानापायी खर्च होऊ देऊ नका.