गर्भाशयमुखाची दुर्बलता आणि पूर्वीच्या गर्भपाताची नोंद : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
एकदा गर्भ गमावलेली स्त्री पुन्हा गरोदर राहते, तेव्हा आनंदाबरोबर धास्तीही घरात येते. ‘गर्भपिशवीचे तोंड कमजोर आहे का? टाका घालावा लागेल का?’ हे प्रश्न हमखास विचारले जातात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या उत्तरासाठी पूर्वीच्या गर्भपाताच्या नोंदीचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

स्वरूप व निदान :
गर्भाशयमुख सामान्यतः प्रसूतीकाळ जवळ येईपर्यंत मिटलेले असते. काही स्त्रियांमध्ये ते दुसऱ्या तिमाहीतच, फारशा कळा न येता, आखूड होऊन उघडते आणि गर्भ बाहेर पडतो. पहिल्या तिमाहीतील गर्भपातांचे कारण बहुधा गुणसूत्रांतील दोष हे असते. तेथे टाक्याचा उपयोग नाही. गरोदरपणापूर्वी ही दुर्बलता खात्रीने दाखवणारी चाचणी उपलब्ध नाही. म्हणून गर्भ कोणत्या आठवड्यात गेला, कळा आधी आल्या की पाणी आधी गेले, रक्तस्राव वा ताप होता का, हा पूर्वेतिहासच निदानाचा मुख्य आधार ठरतो.

उपचारांची दिशा :
गोव्यातील शिरोडा येथे १८९९ मध्ये जन्मलेले, मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ मध्ये या दोषावरील टाक्याची पद्धत प्रसिद्ध केली. ‘शिरोडकर टाका’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील इयान मॅकडोनाल्ड यांनी अधिक सोपी पद्धत मांडली. तथापि, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,२९२ स्त्रियांच्या चाचणीत साधारण २५ टाक्यांमागे एकीलाच लाभ झाल्याचे दिसले. टाका उपयुक्त आहे, परंतु सरसकट नव्हे. इतिहास स्पष्ट असल्यास तो सामान्यतः १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास घालतात व ३६-३७ व्या आठवड्यात काढतात. इतरांमध्ये १६ ते २४ आठवड्यांदरम्यान योनीमार्गे सोनोग्राफी करून, मुखाची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास टाका वा प्रोजेस्टेरॉन यांचा विचार होतो. अंथरुणाला खिळून राहिल्याने लाभ होतो, असे सिद्ध झालेले नाही. ओटीपोटात दाब, पाणी जाणे किंवा रक्तस्राव आढळल्यास मात्र त्वरित रुग्णालय गाठावे.

औद्योगिक पट्ट्यातील संदर्भ :
या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ व परप्रांतांतून आलेली अनेक कुटुंबे राहतात. पहिला गर्भपात गावी वा माहेरी झालेला असल्यास कागद तेथेच राहतात. मग पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा चिंचवडच्या मोहननगर येथील कामगार विमा रुग्णालयात डॉक्टरांपुढे केवळ ‘एकदा खराब झाले होते’ एवढीच माहिती येते. अपुऱ्या माहितीमुळे एकीला अनावश्यक टाका पडतो, तर दुसरीचा आवश्यक टाका राहून जातो.

हाच कागद रजेसाठीही लागतो. गर्भपातानंतर पुराव्यासह सहा आठवड्यांच्या भरपगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती आहे. त्यानंतरच्या आजारपणासाठी एक महिन्यापर्यंत अधिक रजेची तरतूद आहे. दुःखाच्या व संकोचाच्या भरात प्रमाणपत्र न मागणारी कामगार स्त्री या हक्काला मुकते.

समारोप :
गर्भ गेल्यानंतर रुग्णालयातून निघताना आठवडा, लक्षणे व तपासण्या नमूद केलेला कागद मागून घेणे व जपून ठेवणे, हा पुढील गरोदरपणाच्या काळजीचा प्रारंभ होय. महाविद्यालयांच्या आरोग्यविषयक विस्तारकार्यात ही साधी गोष्ट आवर्जून सांगितली जावी.