कॉफीचे यंत्र घेताना

आपल्या ढोकी परिसरात चहाचेच राज्य. कॉफी म्हणजे घरात कुणाला सर्दी झाली, पाहुण्याने चहा सोडला आहे असे सांगितले किंवा मुलगा दहावीच्या परीक्षेला बसला, तर भरपूर दुधात चमचाभर पूड आणि वर जायफळ, असा पदार्थ. पण आता मुले पुण्या-हैदराबादला नोकरीला गेली, तिथली सवय घरी घेऊन येऊ लागली. रुखवतात मिक्सरशेजारी कॉफीचे यंत्र मांडलेले मी पाहिले आहे. त्यामुळे दवाखान्यात एक नवाच प्रश्न येतो, ‘डॉक्टर, कॉफीचे मशीन घ्यायचंय, कोणतं घेऊ? तब्येतीला चालेल ना?’ दुकानदार किंमत आणि वॉरंटी सांगतो. तब्येतीचा भाग या स्तंभात पाहू.

पहिली गोष्ट कॉफीच्या तेलाची. कॉफीच्या बीमध्ये कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाची दोन तेलकट द्रव्ये असतात. ती रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात. याचा सुगावा नॉर्वेत लागला. तिथल्या ट्रोम्सो शहरातील लोकांच्या पाहणीत जास्त कॉफी पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल जास्त आढळले आणि ते १९८३ साली प्रसिद्ध झाले. त्या भागात पूड पाण्यात उकळून, गाळ खाली बसवून कॉफी पिण्याची पद्धत होती. पुढे हॉलंडमधील संशोधकांनी दोष कॅफिनचा नसून या तेलाचा आहे आणि कागदातून गाळले की ते तेल कागदातच अडकते, हे दाखवून दिले. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली कचेऱ्यांतील यंत्रांची कॉफी तपासली. उकळलेल्या कॉफीत लिटरमागे सुमारे ९४० मिलिग्रॅम कॅफेस्टॉल, धातूच्या जाळीच्या यंत्रांतून निघणाऱ्या कॉफीत १७५ च्या आसपास आणि कागदी गाळणीच्या कॉफीत फक्त १२ च्या आसपास, असा फरक त्यांना दिसला.

तेव्हा यंत्र घेताना पहिला प्रश्न कंपनीचा नाही, गाळणीचा विचारावा. बाजारात मिळणारे प्रकार असे. काचेच्या भांड्यात पूड भिजवून वरून जाळीचा दट्ट्या दाबायचा, त्यात तेल कपात उतरते. खाली पाणी, मध्ये पूड आणि वर तयार कॉफी जमा होणारे, गॅसवर ठेवायचे टणक भांडे असते. त्यातही कागद नसतो. दाबाने एस्प्रेसो काढणारी विजेची यंत्रे सर्वांत महाग. त्यातही धातूची जाळी असते, पण कॉफी थोडीच निघते. दाक्षिणात्यांचा दोन मजली स्टीलचा फिल्टर आपल्या ओळखीचा आहे. त्यात पुडीचा दाबलेला थरच काही तेल धरून ठेवतो, पण सगळे नाही. आणि कागदी गाळणीचे विजेचे यंत्र, ज्यात गरम पाणी पुडीवर ठिबकून खालच्या काचेच्या भांड्यात कॉफी साठते. कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने हे शेवटचे सर्वांत बरे.

ज्याचे कोलेस्टेरॉल ठीक आहे आणि जो दिवसाला एक-दोन कप घेतो, त्याने याची धास्ती घेण्याचे कारण नाही. दाक्षिणात्य घरांत स्टीलच्या फिल्टरची कॉफी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची गोष्ट वेगळी होती. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसलेला, कोलेस्टेरॉलची गोळी चालू, चहा सोडून कॉफीवर आलेले, तीही पातेल्यात पूड उकळून, दिवसाला पाच कप. गोळी नियमित घेऊनही आकडा खाली येईना. मुलगा दट्ट्याचे काचेचे भांडे आणणार होता. मी म्हटले, थांबा. साध्या गाळणीत कागदी फिल्टर बसवा, त्यात पूड घाला आणि वरून हळूहळू उकळते पाणी ओता. यंत्राला लागणारे हजारो रुपये वाचतील आणि तेलही कागदात राहील. कप पाचाचे दोन करा, गोळी मात्र तशीच चालू ठेवा, हेही बजावले. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले तेव्हा आकडा उतरला होता. श्रेय कागदाचे किती, कमी झालेल्या दूध-साखरेचे किती, हे वेगळे काढता येणार नाही. त्यांच्या घरच्यांना त्याची फिकीरही नव्हती. (फिल्टरचा कागद खाण्यापिण्यासाठी केलेला, कोराच हवा. वर्तमानपत्राचा तुकडा, मग तो याच वर्तमानपत्राचा का असेना, वापरू नये. छपाईची शाई पोटात जाते.)

आपल्याकडे बहुतेक घरांत मिळते ती विरघळणारी इन्स्टंट कॉफी. तिच्यात हे तेल नगण्य असते, त्यामुळे यंत्र नाही म्हणून तब्येतीचे काही अडून राहिलेले नाही. तिथे खरा मुद्दा साखरेचा. कपाला दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर. पाच कप झाले की पन्नास ग्रॅम. वरून घातलेल्या साखरेची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसभराची कमाल मर्यादा साधारण तेवढीच आहे, आणि तीही दिवसभरातल्या गोडधोडासकट.

पूड घेताना पाकिटामागील बारीक अक्षरे वाचावीत. आपल्या देशात कॉफीत चिकोरीची भाजलेली मुळी मिसळायला परवानगी आहे. अशा मिश्रणात निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेले हवे. चिकोरीत कॅफिन नसते. ती विष नव्हे, पण कॉफीच्या भावाने मुळी विकत घेऊ नये.

आता कॅफिन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. त्यांच्याच हिशोबाने १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. म्हणजे यंत्र घरी आले की प्रत्येक कप आधीपेक्षा कडक होतो आणि मोजमाप मात्र जुन्याच सवयीचे राहते. गर्भवती सुनेला तर ‘तू पण घे ना एक कप’ असा आग्रह करताना सासूबाईंनी हा हिशोब ध्यानात ठेवावा, कारण त्या दिवसांत कॅफिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. रक्तदाब मोजून घ्यायला येण्यापूर्वी अर्धा तास कॉफी नको. थायरॉईडची गोळी पाण्याबरोबरच घ्यावी आणि कॉफी तासाभराने.

याहून मोठा प्रश्न घरातल्या बायकांच्या रक्ताचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. चहा आणि कॉफी दोन्हींमधली द्रव्ये पालेभाजी-डाळीतील लोह आतड्यात शोषू देत नाहीत. म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर एक तास दोन्ही टाळावीत, असे पोषण संस्थाही सांगते. लोहाची गोळी कॉफीच्या घोटाबरोबर घेतली तर गोळीचे पैसे वाया गेलेच समजा. जेवण उरकले की ओट्यापाशी उभ्याने एक कप, ही सवय यंत्रामुळे वाढू नये एवढीच माझी तळमळ.

विजेच्या यंत्राविषयी दोन शब्द, कारण शॉक हासुद्धा आरोग्याचाच विषय आहे. ही यंत्रे साधारण सहाशे ते दीड हजार वॅटची असतात, सोबत पाणी आणि वाफ. तीन पिनांचा प्लग बोर्डात बसत नाही म्हणून वरची जाड पिन उपटून टाकलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. ती पिन म्हणजे अर्थिंग, ती काढली की यंत्राचे अंग जिवंत होऊ शकते. बरे, पिन असूनही भागत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे, वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे आणि शक्य असेल तर गळती होताच वीज तोडणारा, ३० मिलिअँपिअरचा स्विच मेन बोर्डात बसवावा. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर असे यंत्र चालवू नये. दुरुस्ती लातूरला किंवा सोलापूरला होते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

राहिले पाणी. बोअरचे जड पाणी यंत्रात घातले की आत पांढरा थर धरतो, पाणी पुरेसे तापत नाही आणि नळी तुंबते. महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात वीस ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून ते यंत्रातून काढावे आणि नंतर दोन वेळा साधे पाणी फिरवावे. ओली पूड रात्रभर यंत्रात ठेवू नये, तिला बुरशी धरते. रबराची चकती निघत असेल तर काढून तिच्याखालची खाच घासावी. वास तिथूनच येतो. पितळेचा जुना फिल्टर कुणाकडे असेल तर कल्हई आहे का ते आधी पाहावे, नसेल तर करून घेतल्याशिवाय वापरू नये.