दोष बायकोचाच कशावरून?

लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्या वस्तीत कुजबुज सुरू होते. सुनेला बारशाला बोलावणे बंद होते. कुणी तिला बाबाच्या अंगाऱ्याला नेते, कुणी गंडा बांधते. मग माहेरी धाडणे, सोडचिठ्ठी, नाहीतर मुलाचे दुसरे लग्न. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि आपण देव्हारे रिकामे केले. परंतु मूल नाही म्हणजे दोष बाईचा, ही जुनी समजूत मात्र आपण घरात जपून ठेवली आहे. नवऱ्याला तपासले का, असे विचारले तर उत्तर येते, "त्याला काय झालंय? तो तर धडधाकट आहे!"

महात्मा जोतिराव फुल्यांना मूल नव्हते. दुसरी बायको करा, असा आग्रह त्यांना झाला. तेव्हा दोष नवऱ्यातही असू शकतो, मग बायकोने दुसरा नवरा केलेला चालेल का, असा उलट सवाल त्यांनी केल्याचे त्यांच्या चरित्रात सांगतात. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८७४ साली काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केले. आजचे वैद्यकशास्त्र जोतिबांच्याच बाजूचे आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते; कधी एकटे, कधी बाईकडच्या कारणासोबत.

असले विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे कुणी म्हणेल. त्यांना आम्ही आठवण देतो, की र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ साली हायकोर्टात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले होते. शरीराचे ज्ञान लपवून कुणाचे भले होत नाही.

धडधाकट म्हणजे काय?

पौरुष वेगळे आणि शुक्रजंतू वेगळे. पती-पत्नीचा संबंध व्यवस्थित असतो, वीर्य नेहमीसारखे दिसते, तरी त्यात शुक्रजंतू एकही नसू शकतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हॉलंडच्या लेव्हेनहूकने १६७७ साली तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तोवर तो कुणालाच ठाऊक नव्हता.

तपासणीत तीन गोष्टी पाहतात : संख्या, हालचाल आणि आकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये किमान १ कोटी ६० लाख शुक्रजंतू असावेत, त्यांतले ४२ टक्के हलते असावेत आणि ४ टक्के जरी नीट आकाराचे असले तरी पुरे. म्हणून कागदावर '९० टक्के सदोष आकार' वाचून घाबरून जाऊ नये. आकडे याहून कमी असले तरी मूल होणारच नाही, असेही नाही.

कारणे कोणती?

वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो, म्हणून निसर्गाने त्यांना बाहेर ठेवले आहे. वृषणाभोवतीच्या शिरा फुगल्या की तिथे उष्णता वाढते. याला व्हेरिकोसील म्हणतात. पुरुषांकडच्या कारणांत हे नेहमी आढळणारे आहे आणि गरज पडल्यास त्यावर शस्त्रक्रिया होते. लहानपणी वृषण खाली उतरलेच नसतील, तर पुढे अडचण येते. म्हणून मायबहिणींनी बाळाला न्हाऊ घालताना लक्ष द्यावे. सहा महिन्यांनंतरही वृषण उतरले नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणे सुजणे, क्षयरोग किंवा परमा होऊन नळी बंद होणे, मधुमेह, जन्मजात दोष, हीदेखील कारणे आहेत. बिडी-सिगारेट आणि दारू शुक्रजंतूंना मारक आहेत. पाचवे शील पाळणाऱ्याला हा वेगळा फायदाच म्हणायचा. व्यायामशाळेत अंग फुगवण्यासाठी घेतली जाणारी हार्मोनची इंजेक्शने तर शुक्रजंतू तयार होणेच थांबवतात. तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.

कामाच्या जागी

आपल्या माणसांना आणखी एक धोका असतो, तो पोटासाठी करायच्या कामाचा. १९७७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, लॅथ्रॉप येथील कीटकनाशकाच्या कारखान्यात कामगार आपसात बोलू लागले, की आपल्याला मुले का होत नाहीत? तपासणीत कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतू फार थोडे निघाले, काहींच्यात एकही नाही. कारण होते डीबीसीपी हे पिकांच्या मुळांवरील सूत्रकृमी मारणारे औषध. प्राण्यांच्या वृषणांना त्याने इजा होते, हे १९६१ सालीच छापून आले होते. ते कामगारांपर्यंत पोहोचले नाही. १९७९ साली तिथे त्याच्या बहुतेक वापरावर बंदी आली. काम सुटल्यावर काही जण सुधारले, काही नाही. ते कामगार लाजून गप्प बसले असते, तर हे उघडकीला यायला आणखी किती काळ गेला असता!

आपल्याकडे बॅटरीच्या कारखान्यात शिसे आहे, भट्टीसमोर आणि बॉयलरपाशी धग आहे, शेतात फवारणी आहे. काम सोडणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. पण हातमोजे आणि तोंडाला योग्य मास्क मालकाकडे मागता येतो, जेवणाआधी हात धुता येतात, कामाचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे ठेवता येतात. आणि डॉक्टरांना आपले काम काय, हे न विसरता सांगता येते.

काय करावे?

वर्षभर संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर पती-पत्नी दोघांनी बरोबरच डॉक्टरांकडे जावे. बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावे. बाईच्या काही तपासण्या खर्चाच्या आणि त्रासाच्या असतात. पुरुषाची मात्र साधी, बिनदुखण्याची. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा, एवढेच. एका अहवालावर निकाल लावू नये. ताप येऊन गेला असला तरी आकडे घसरतात. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून व्यसन सोडल्याचा किंवा औषधाचा गुण यायला तेवढा धीर धरावा.

रेल्वेच्या भिंतीवर 'गुप्तरोगावर शर्तिया इलाज' रंगवणाऱ्यांच्या आणि तंबूतल्या हकिमांच्या नादी लागू नये. हस्तमैथुनाने किंवा स्वप्नात वीर्य गेल्याने वांझपण येत नाही. या भीतीवरच त्यांचा धंदा चालतो. सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात दाखवावे. शुक्रजंतू अगदी थोडे असले तरी एकेक निवडून बीजात सोडण्याची रीत १९९२ पासून जगात आहे. ती खर्चाची आहे आणि प्रत्येकाला यश येतेच असे नाही. म्हणून कर्ज काढण्याआधी नीट विचारून घ्यावे.

प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण शोधले तर उपाय सापडू शकतो, ही बुद्धांची शिकवण आहे. दोष सापडलाच, तरी तो रक्तदाबासारखा शरीराचा दोष. त्यात कुणाची अब्रू जात नाही. सासूबाईंना आमची एवढीच विनंती, की सुनेला बाबाच्या दारात नेण्याआधी मुलाला दवाखान्यात पाठवा. आणि तरुणांनो, बायकोला बोल लागताना मान खाली घालून बसू नका. "आधी मला तपासा," असे सगळ्यांसमोर म्हणा.