खडे ठेवायचे, बाकी सोडायचं

तांदूळ रोळताना भांडं हलकेच घोळवत पाणी दुसऱ्या भांड्यात ओततात. पाण्याबरोबर तांदूळ निघून जातात, खडे तळाशी राहतात. गोव्यात डिचोली-सांगे भागात लोहखनिज धुणारे कारखाने उभे राहिले ते याच युक्तीवर, फक्त उलट्या. इथे खडेच हवे असतात.

खाणीतून खनिज येतं ते लाल चिखलात माखून. शुद्ध हेमटाइटमध्ये सुमारे 70 टक्के लोह असतं. पण मातीतलं अ‍ॅल्युमिना सोबत गेलं की झोतभट्टीतली धातुमळी घट्ट होते. म्हणून आधी आंघोळ.

चिकट माती नुसत्या फवाऱ्याला दाद देत नाही. तिच्यासाठी लॉग वॉशर: एक तिरपी पन्हळ, तीत एकमेकांच्या उलट फिरणारे दोन दांडे, दांड्यांना पाती. पूर्वी हे दांडे खरोखरच लाकडी ओंडके असत, नाव त्यावरूनच पडलं. पाती ढेकळं घासतात आणि खनिज चढावर रेटत नेतात. पाणी वरून येतं आणि माती घेऊन खालच्या टोकाला सांडतं. दगड चढतो, चिखल उतरतो!

खरी जादू बारीक कणांची. हेमटाइट पाण्याच्या सुमारे 5.2 पट जड, माती 2.6 पट, म्हणजे फरक दुपटीचा. पण पाण्यात बुडवलं की दोघांतूनही एकेक वजा होतो. उरतात 4.2 आणि 1.6. फरक अडीचपटीच्या पुढे गेला, आणि तो पाण्याने फुकट वाढवून दिला.

हायड्रोसायक्लोन हाच फरक वापरतो. त्याच्या पोटात एकही फिरता भाग नाही. गढूळ पाणी दाबाने कडेने आत शिरतं, भोवरा होतो. जड कण भिंतीलगत खाली, हलके मधून वर. चालवणाऱ्याची नजर खालच्या तोंडावर. तिथे छत्रीसारखा फवारा उडत असला तर ठीक. दोरीसारखी जाड धार पडू लागली की समजायचं, तोंडाला भार झेपत नाही आणि खनिज वरच्या वाटेने मातीत चाललंय. मग तोंड मोठं करा, नाहीतर आत येणारा गाळ पातळ करा.

तरीही अतिबारीक हेमटाइट निसटतंच, कारण आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या मातीकणाच्याच गतीने ते बुडतं. शेवटी राहतो लाल गाळ. त्याचे कण ऋणभारित, एकमेकांना दूर लोटणारे. दिवसचे दिवस तरंगत राहतात. थिकनरच्या हौदात पॉलिमरची चिमूट पडली की त्यांचे पुंजके बांधले जातात, ते तळाला बसतात आणि वरचं निवळलेलं पाणी पुन्हा पन्हळीकडे जातं.