हिरण्यकेशीचे पाणी आणि खोल समुद्रातले सूक्ष्मजीव

गडहिंग्लजच्या भडगाव पुलाखालून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथून अरबी समुद्र जवळ, पण नदी जाते पूर्वेकडे. घटप्रभेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. त्या उपसागरात शेकडो मीटर खोल काय चालले आहे, याच्याशी इथल्या उसाच्या फडाचा संबंध असू शकतो.

समुद्रात साधारण पहिल्या शंभर-दीडशे मीटरपर्यंतच कामापुरता उजेड पोचतो. तिथे प्रोक्लोरोकॉकससारखे उन्हावर अन्न तयार करणारे जिवाणू राहतात. एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे वीसेक थेंबांत, सगळे मिळून लाखो सूक्ष्मजीव असतात. तीन-चार हजार मीटरवर हीच संख्या हजारांच्या घरात येते. आपल्या पोटात नेमके उलटे असते: जठरात तुरळक, मोठ्या आतड्यात अब्जावधी. कारण अन्नाचे. आतड्यात ते साचते, समुद्राच्या तळाशी मात्र वरच्यांनी खाऊन उरलेलेच पोचते. तिथल्या अंधारात, थंडीत आणि प्रचंड दाबाखाली आर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांचे प्रमाण वाढते.

खरी गंमत मधल्या थरात आहे. वरून गळणारा मृत जीवांचा चुरा कुजवताना जिवाणू प्राणवायू संपवतात आणि वरून नवा फारसा येत नाही. अरबी समुद्रात या थरात प्राणवायू जवळजवळ शून्य आहे. मग तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात. नायट्रेटमधला नायट्रोजन वायू होऊन निघून जातो, समुद्राचे खत घटते. वाटेत नायट्रस ऑक्साइडही तयार होतो. भुलीसाठी वापरतात तोच हा वायू, पण हवेत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो.

बंगालच्या उपसागरातही असाच थर आहे. मात्र तिथे हा प्रकार फारसा होत नाही. का, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत तपासले. त्यांचा निबंध २०१७ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’च्या अंकात आला. नायट्रेटवर जगू शकणारे जिवाणू तिथे हजर होते. पण पाण्यात प्राणवायूचा अगदी पुसटसा अंश शिल्लक होता, पृष्ठभागाच्या तुलनेत हजारावा हिस्सा किंवा त्याहून कमी. तेवढ्यावर हे जिवाणू आवरलेले आहेत. रुग्ण स्थिर आहे, पण काठावर, असेच म्हणावे लागेल.

हा अंश संपवू शकेल अशी एक गोष्ट म्हणजे नद्यांतून येणारे जादा नायट्रोजन. त्यावर वरच्या थरात शैवाल माजते, मरून खाली जाते आणि ते कुजवताना उरलासुरला प्राणवायू खर्ची पडतो. एका तालुक्याचा युरिया समुद्र बिघडवणार नाही, वाटेत मोठी धरणेही आहेत. पण कृष्णा, गोदावरी, गंगा, ब्रह्मपुत्रा, सगळ्यांचा उतार तिकडेच.

समुद्राआधी तर तो युरिया गावच्याच विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. त्याहून जास्त असेल आणि त्याच पाण्यात वरचे दूध कालवले, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, बाळ निळसर पडू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. ज्या घरी बाळ आहे आणि विहीर उसाच्या रानात आहे, त्यांनी पाण्याची तपासणी करून घ्यावी. आणि ढग भरून आलेले असताना युरिया फेकू नये. पिकाला मिळण्याआधीच तो हिरण्यकेशीत पोचतो.